मिटलेले वाद आणि लट्टलूरचा शोध

शिळ्या कढीला ऊत आणण्यांत शहाणपण नाहीं, असें मराठी माणूस मोठ्या विश्वासानें म्हणत आला आहे. घरांतील भाऊबंदकी असो, गांवांतील मानपानाचा तंटा असो, कीं पंडितांच्या सभेंतील खंडनमंडन असो. चार शहाण्या माणसांनीं एकदां मिटविलेला विषय कोणीं पुन्हां काढला, कीं हेंच वाक्य त्याला ऐकविलें जातें. पुष्कळदां तें रास्तही असतें. उकरून काढलेल्या भांडणांनीं धुळीस मिळालेलीं घराणीं महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. परंतु मिटलेला प्रत्येक वाद कायमचा कुलूपबंद करून ठेवणें, हें खरोखर शहाणपणाचें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर मराठवाड्याच्या भूमींतच मिळण्यासारखें आहे. लातूर, तेर आणि कंधार या तीन गांवांना त्यांचें विसरलेलें पूर्ववैभव परत मिळालें, तें मिटले किंवा निकालांत निघाले असें वाटणारे वाद पुन्हां उघडले गेले म्हणूनच.

वाद मिटविण्याची विद्या जुन्या महाराष्ट्रानें किती काळजीनें जोपासली होती, हें प्रथम पाहणें इष्ट आहे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी अशा वतनांचे तंटे गोतसभेपुढें येत. आरंभींच उभय पक्षांकडून राजीनामे, म्हणजे सभेचा निवाडा मान्य करूं असे लेख, घेतले जात. जामीनही घेतले जात. नंतर प्रत्येकानें आपला करीना सांगावा, जुने कागद दाखवावे, साक्षीदार उभे करावे, असा क्रम असे. माणसाच्या बुद्धीला निर्णय सुचेनासा झाला म्हणजे दिव्याची पाळी येई, आणि तापलेल्या तेलांतून धातूचा रवा काढणाऱ्या हाताच्या कातडीवर पिढ्यान्‌पिढ्यांचें वतन टांगलें जाई. शेवटीं महजर होई. त्यावर हजर असलेल्या मंडळींच्या साक्षी पडत; पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्या उमटत.

पण एवढ्यानें काम संपत नसे. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेण्याची चाल होती. या कागदांत हरलेला मनुष्य आपण खोटे झालों असें कबूल करी, आणि पुढें आपण अगर आपल्या वंशजांनीं हा कजिया उकरून काढूं नये असें स्वतःस बांधून घेई. तो कागद जिंकणाऱ्याच्या घरीं वतनाइतकाच जपला जाई. वाद मिटला एवढें पुरेसें नव्हतें. मिटलेल्या वादाला टाळें लागलें पाहिजे, ही त्यामागील दृष्टि होती.

तथापि हें टाळें नेहमींच टिकलें असें दिसत नाहीं. स्थानिक सभेवर विश्वास नसल्यास पक्षकार दुसरें स्थळ मागत. मसूरच्या पाटीलकीचा जगदाळ्यांचा तंटा सतराव्या शतकाच्या आरंभीं थेट पैठणच्या सभेपुढें गेला, तो याच कारणानें. गांवच्या पंचांवर वजन पडेल अशी एका पक्षास भीति होती. एका अमलांत हरलेला मनुष्य दुसरा अंमल येतांच नवीन फिर्याद घेऊन उभा राही. नातू आजोबाचें येजितखत नाकारी. वतनाचा तंटा हा घराण्याच्या पोटाचा आणि मानाचा प्रश्न असे. जो न्याय आपणांस मिळाला नाहीं असें मनुष्याला वाटतें, त्यावर कागदाचें कुलूप फार दिवस टिकत नाहीं, एवढा धडा त्या दप्तरांतून मिळतो.

असें असलें तरी त्या चालींतील व्यवहारबुद्धि खोटी ठरत नाहीं. शेताच्या बांधाचा निर्णय दर दहा वर्षांनीं बदलूं लागला, तर त्या शेतांत कोणी विहीर खणणार नाहीं कीं आंबा लावणार नाहीं. म्हणूनच आजच्या कायद्यानेंही पूर्वन्यायाचें तत्त्व मानलें आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या कलमाप्रमाणें त्याच पक्षांमधील, त्याच मुद्द्यावर एकदां अखेरचा निकाल झालेला वाद पुन्हां चालवितां येत नाहीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्यास सामान्यतः १२ वर्षांची मर्यादा घातली आहे. या दोन्ही नियमांचा हेतु सत्य सांपडलें असें जाहीर करण्याचा नाहीं. माणसांना निश्चिंतपणें जगतां यावें, एवढाच आहे. व्यवहारांतील निवाडा आणि ज्ञानांतील निर्णय यांतला भेद येथेंच सुरू होतो. निवाड्याला शेवट हवा असतो. ज्ञानांतील निर्णयाला मात्र पुरावा हवा असतो, आणि पुरावा मुदत पाहून येत नाहीं.

लातूरची कथा या भेदाचें उत्तम उदाहरण आहे. आठव्या शतकाच्या मध्यास दंतिदुर्गानें बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. कोल्हापूर भागांतील सामानगड येथें सांपडलेला त्याचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इ. स. ७५३-५४ चा आहे. तेव्हांपासून ९७३ पर्यंत, सुमारें दोनशें वीस वर्षें, राष्ट्रकूटांनीं दख्खनवर राज्य केलें. वेरूळचें कैलास लेणें पहिल्या कृष्णाच्या काळचें. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचें कर्नाटकांतील मळखेड. एवढें मोठें हें घराणें मूळचें कोठलें, असा प्रश्न इतिहासकारांपुढें साहजिकच आला. त्याचें उत्तर त्यांच्याच एका बिरुदांत दडलेलें होतें. धारवाड प्रांतांतील शिरूर व निळगुंद येथील इ. स. ८६६ च्या शिलालेखांत अमोघवर्षाला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हटलें आहे. लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असा त्याचा अर्थ. सौंदत्तीच्या रट्टांनींही पुढें हेंच बिरुद मिरविलें.

अशा बिरुदांचा अर्थ करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. राजा ज्या नगराचा अधीश्वर म्हणवितो, तें त्याच्या त्या वेळच्या राजधानीचें नांव असतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें पूर्वजांच्या गांवाचें नांव असतें. गोवें आणि हानगल येथील कदंब स्वतःस बनवासीचे अधीश्वर म्हणवीत, कारण त्यांच्या वंशाची कीर्ति बनवासीस सुरू झाली होती. घर सोडून दूर गेलेला मनुष्य मूळ गांवावरून आडनांव लावतो, त्यांतलाच हा राजेशाही प्रकार होय. तेव्हां लट्टलूर सांपडलें, कीं राष्ट्रकूटांचें मूळ गांव सांपडलें, हें उघड होतें. अडचण एवढीच होती कीं लट्टलूर कोठें आहे, हें कोणास ठाऊक नव्हतें.

दक्षिणेच्या शिलालेखांचे मोठे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनीं प्रथम मत दिलें, कीं लट्टलूर म्हणजे मध्यप्रांतांतील बिलासपूरजवळचें रतनपूर असावें. हें रतनपूर आज छत्तीसगड राज्यांत आहे आणि कलचुरि राजांची राजधानी म्हणून तें प्रसिद्ध होतें. राष्ट्रकूट आणि उत्तरेकडील राठोड यांच्या नांवांतील साम्य पाहतां घराण्याचें मूळ उत्तरेस असावें, असेंही पुष्कळांस वाटत होतें. फ्लीट यांचा अधिकार एवढा मोठा होता, कीं त्यांचें मत म्हणजे जवळजवळ निकालच. तेथें वाद मिटला असें समजून कुलूप लावलें गेलें असतें, तर निजामाच्या राज्यांतील लातूर नांवाच्या पेठेकडे पुन्हां कोणी वळून पाहिलें नसतें.

पण वाद पुन्हां उघडला. आणि तो उघडणाऱ्यांत खुद्द फ्लीट हेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं राष्ट्रकूटांच्या लेखांचा पुन्हां विचार करतांना त्यांनीं आपलें पूर्वींचें मत सोडून दिलें, आणि लट्टलूर म्हणजे लातूर, असें लिहिलें. लट्टलूर, लत्तलूर, लत्तनूर अशा रूपांतून बोलतां बोलतां एक अक्षर गळून लातूर होणें सहज आहे. रतनपूर होणें तितकें सहज नाहीं. शिवाय लातूर हें त्या घराण्याच्या कर्तृत्वाच्या प्रदेशांतच आहे. लातूरच्या पापविनाशक मंदिरांतील, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या काळच्या बाराव्या शतकांतील शिलालेखानेंही तें त्या काळीं विद्वानांचें मोठें नगर होतें असें दाखवून दिलें आहे. येथें विनोदाची गोष्ट अशी, कीं लातूरच्या लोकपरंपरेंतही गांवाचें जुनें नांव रत्नापूर सांगितलें जातें. पंडितांनीं ज्या नांवाच्या मागें शेंकडों मैल पूर्वेकडे धांव घेतली, तें नांव लातूरकर आपल्या रत्नेश्वराच्या देवळांत बसून सांगत होते.

हाच प्रकार तेर गांवाचा झाला. कोंकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाची मोठी पेठ असल्याचें लिहिलें आहे. हें तगर म्हणजे देवगिरी असें एकानें म्हटलें. भगवानलाल इंद्रजी यांना तें जुन्नर वाटलें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर सुचविलें. फ्लीट यांनीं आरंभीं कोल्हापूर मानलें. चार पंडितांचीं चार मतें झालीं, आणि विषय थकून निजल्यासारखा झाला. १९०१ सालीं फ्लीट यांनींच तो पुन्हां जागा करून तगर म्हणजे आज धाराशिव जिल्ह्यांत असलेलें तेर, असें प्रतिपादन केलें. १९५८ सालीं तेथें बा. ना. चापेकर यांनीं उत्खनन केलें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवांतून व शेतांतून जमविलेल्या प्राचीन वस्तूंचें संग्रहालय आज तेरला आहे. मातीच्या मूर्ति, मणी, शंखाचे अलंकार, रोमन व्यापाराच्या खुणा ज्या भूमींतून निघाल्या, ती भूमि चार मतांच्या भांडणांत कोणाच्याच यादींत नव्हती.

नांदेड जिल्ह्यांतील कंधारची गोष्ट आणखी मौजेची आहे. कांहीं उत्तरकालीन लेखांत राष्ट्रकूट कृष्णाला 'कंधारपुरवराधीश्वर' म्हटलेलें आढळतें. कृष्णाच्या नांवाचें प्राकृत रूपच कंधार असल्यामुळें, हें नगर खरें नसून नांवावरून कल्पिलेलें असावें, अशी शंका घेण्यांत आली होती. तर्क चतुर होता. पण मन्याड नदीच्या खोऱ्यांतील कंधारला असलेला किल्ला, मोडलेल्या मूर्ति आणि विस्तीर्ण जलाशय हे त्या तर्काची वाट पाहत थांबलेले नव्हते. पुढें कंधार येथेंच राष्ट्रकूटकालीन खंडित शिलालेख उजेडांत आला. त्यांत नगरांतील अनेक देवालयांचा आणि दानांचा उल्लेख आहे. जगत्तुंगसमुद्र नांवाच्या तलावाचाही आहे. कंधारच्या परिसरांत एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेषही सांपडले, आणि त्या पावलांकडे पाहिलें म्हणजे नगर काल्पनिक होतें असें म्हणण्याचें धैर्य कोणासही होणार नाहीं.

येथपर्यंतची कथा आनंदाची झाली. पण वाद पुन्हां उघडल्यानें नेहमीं गांवाला मानच मिळतो असें नाहीं. कधीं कधीं मनास कडू लागणारा प्रश्नही बाहेर पडतो. लातूर राष्ट्रकूटांचें मूळ गांव ठरलें, कीं लगेच विचारलें जाऊं लागलें: हे राजे मराठी कीं कानडी? भांडारकरांनीं १८८४ सालच्या आपल्या दख्खनच्या इतिहासांत रट्ट या नांवाचा महाराष्ट्र या नांवाशीं संबंध जोडला होता. चिंतामण विनायक वैद्य यांनीं राष्ट्रकूट हे मराठेच, असा पक्ष आग्रहानें मांडला. १९३४ सालीं अनंत सदाशिव आळतेकर यांचा राष्ट्रकूटांवरील ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. आळतेकर स्वतः मराठी. परंतु पुरावा तपासून त्यांनीं लिहिलें, कीं घराणें लातूरचें खरें, पण त्याची मातृभाषा कन्नड असावी. गुजरातेंतील राष्ट्रकूट शाखेच्या राजांच्या ताम्रपटांवर सह्या दक्षिणी वळणाच्या लिपींत आहेत. अमोघवर्षाच्या दरबारीं 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ झाला, आणि त्यानें कन्नड प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरलेला सांगितला आहे. लट्टलूर या नांवाच्या शेवटचा 'ऊर' हाही द्राविड भाषांतील गांववाचक शब्द होय.

हा निर्णय सर्वांस रुचला नाहीं, आणि त्यांतच खरी कसोटी होती. कारण लवकरच या भागाच्या भाषेला राजकीय सीमेचें स्वरूप आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याची वांटणी झाली. बिदर जिल्ह्यांतील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठवाड्याकडे आले. भालकी, बसवकल्याण व हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. बेळगांवच्या सीमेचा प्रश्न महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानेंही मिटला नाहीं. २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला. अशा वातावरणांत हजार वर्षांपूर्वींच्या राजाची भाषा हा निव्वळ विद्वत्तेचा विषय राहत नाहीं. दोन्ही बाजूंच्या उत्साही लोकांना तो विषय बंद व्हावा असें वाटतें. मात्र प्रत्येकाला तो आपल्या बाजूनें बंद व्हावा असें वाटतें. हजार वर्षांपूर्वींच्या राजाच्या सहीवरून आजच्या गांवाची सीमा ठरत नाहीं, आणि आजच्या सीमेवरून त्या राजाची सही बदलत नाहीं, हें समजून घेण्यास वादाला कुलूप लावून चालणार नाहीं. तो शांतपणें उघडा ठेवावा लागेल. आळतेकरांचेंही मत अखेरचें नव्हे. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं पुढें मानपूरच्या जुन्या राष्ट्रकूट शाखेकडे लक्ष वेधून तें मानपूर साताऱ्याकडील माण असावें असें सुचविलें, आणि मूळ शाखांचा प्रश्न पुन्हां विस्तारला.

मग कुलूप मुळींच नको काय? असें म्हणणेंही उतावीळपणाचें होईल. येजितखताच्या चालींत एक गोष्ट होती, ती ज्ञानाच्या क्षेत्रांतही घेण्यासारखी आहे. महजर एकदां झाला, कीं त्यांतील अक्षर कोणी बदलूं शकत नसे. त्यावर शिक्के, साक्षी आणि निशाण्या असत. खाडाखोड केलेला कागद सभेंत खोटा ठरे. फ्लीट यांनीं नेमकें हेंच पाळलें. रतनपूरचें मत लिहिलेलें जुनें पान त्यांनीं फाडलें नाहीं. नवीन पान लिहून जुन्याची चूक दाखविली. म्हणून आजचा अभ्यासक त्यांची वाट पहिल्या पावलापासून पाहूं शकतो: कोठें अडखळले, कोणत्या पुराव्यानें वळले, आणि लातूरला कसे पोंचले. जुन्या पानांत गुपचूप नवें मत घुसडलें असतें, तर ती वाट बुजली असती. कागदाला कुलूप असावें. प्रश्नाला असूं नये.

दुसरी मर्यादा वाद उघडणाऱ्यासाठीं आहे. रिकाम्या हातानें जुना वाद उघडणारा मनुष्य शिळ्या कढीलाच ऊत आणतो. पूर्वींचे सर्व कागद वाचावेत, कोणीं काय म्हटलें तें न्यायानें सांगावें, आणि मग स्वतःजवळ काय नवें आहे तें पुढें करावें, हाच प्रामाणिक क्रम होय. गोतसभाही पक्षकाराला प्रथम जुने कागद दाखविण्यास सांगत असे. नवा शिलालेख, नवें उत्खनन, जुन्या लेखाचें अधिक शुद्ध वाचन, यांपैकीं कांहीं घेऊन आलेल्या माणसाला दार उघडें असलें पाहिजे, मग त्यानें शंभर वर्षांनीं कां येईना. केवळ आवाज चढवून येणाऱ्याला मात्र जुन्या महजराकडे बोट दाखविणें पुरे.

या दृष्टीनें १९६८ सालीं नांदेडच्या यशवंत महाविद्यालयानें प्रसिद्ध केलेला नांदेड जिल्ह्यांतील शिलालेखांचा संग्रह मननीय आहे. त्याचे संपादक श्रीनिवास रित्ती आणि शेळके हे होते. रित्ती धारवाडचे, कन्नड शिलालेखांचे अभ्यासक. सीमेचा वाद ऐन भरांत असतांना, महाजन आयोगाच्या अहवालानंतरच्या वर्षीं, धारवाडच्या विद्वानानें नांदेडच्या सहकाऱ्यासह मराठवाड्यांतील दगडांवरचीं कन्नड आणि संस्कृत अक्षरें वाचून छापलीं, आणि नांदेडच्या संस्थेनें तीं प्रकाशित केलीं. कोणाच्या पक्षाला काय लागू पडेल याचा हिशेब न करितां अक्षर जसें आहे तसें छापणें, हेंच जुन्या वादाला दिलेलें सर्वांत चांगलें उत्तर होय. कंधारच्या तलावाकांठीं आणि लातूरच्या देवळांच्या ओट्यांवर अजून न वाचलेले दगड असतील, तर ते ज्या दिवशीं वाचले जातील, त्या दिवशीं आजचीं मतेंही कदाचित् जुनीं ठरतील. त्यांना जागा करून देण्यासाठीं दाराला कडी लावावी, कुलूप लावूं नये.